पाणी मी बघते

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप आपल्या म्हाताऱ्या मोतद्दाराला, घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराला, वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. त्या पैशांचं काम एकच. रोज पहाटे मालकाला उठवायचं आणि कॉफी नेऊन द्यायची. साडेपाचला ट्रोलोप टेबलाशी बसलेला असे, म्हणजे मोतद्दार त्याच्याही आधी उठत असणार, इंग्लंडच्या थंडीत विस्तव करत असणार. वॉल्थम क्रॉसच्या घरात वर्षांमागून वर्षं गेली, पण त्या कॉफीला एकदाही उशीर झाला नाही, असं ट्रोलोपने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे तो म्हणतो की मला जे यश मिळालं त्यासाठी इतर कुणाहीपेक्षा मी या माणसाचं जास्त देणं लागतो, असं म्हटलं तर ते चुकीचं ठरू नये.

ट्रोलोप पोस्टात नोकरीला होता, अधिकारी. सकाळचे तीन तास लिहायचं आणि मग कामावर जायचं. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ साली तो गेला, दुसऱ्या वर्षी आत्मचरित्र बाहेर आलं, आणि घड्याळ लावून साहित्य लिहिणारा हा कसला कलावंत म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मी मात्र तो उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद-पेन घेऊन गणित मांडत बसले होते. पाव तासाला अडीचशे, तासाला हजार, आठवड्याला किती. मोतद्दार माझ्या नजरेला पडला तो तिसऱ्या की चौथ्या वाचनात. आणि एकदा पडल्यावर मग दुसरं काही दिसेना.

गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयाच्या कार्यक्रमात माझी छोटी मुलाखत होती. मी कथा लिहिते. तीन संग्रह झालेत, चौथ्याचं चालू आहे, आणि सहकारी बँकेतली नोकरी अजून सहा वर्षं आहे. शेवटी प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. विशीतली, पाठीवरची सॅकही काढली नव्हती. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही लिहायला वेळ कुठून आणता?’ मी छान उत्तर दिलं. मुराकामी कादंबरी लिहीत असला की पहाटे चारला उठतो, पाच-सहा तास लिहितो, मग दहा किलोमीटर धावतो नाहीतर दीड किलोमीटर पोहतो आणि रात्री नऊला झोपतो, हे सांगितलं. हेमिंग्वे उभ्याने लिहायचा, हे सांगितलं. मीसुद्धा पहाटेच लिहिते, म्हणाले. टाळ्या पडल्या.

रिक्षात बसल्यावर जीव खट्टू झाला. मी बोलले त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्या मुलीने विचारलं होतं, वेळ कुठून आणता. आणि मी तिला सांगितलं होतं, लेखक किती वाजता उठतात. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ते मी दिलं नाही. ती हे वाचेल न वाचेल, पण उत्तर इथे लिहिते.

लेखक लिहिण्याविषयी काय बोलतात हे वाचायचा मला नाद आहे. ‘पॅरिस रिव्ह्यू’ हे इंग्रजी साहित्यिक नियतकालिक १९५३ साली निघालं तेव्हापासून लेखकांच्या लांबच लांब मुलाखती छापत आलंय. पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर होता. आपल्याकडे ‘ललित’ मासिक १९६४ पासून लेखकांच्या आणि पुस्तकांच्या गोष्टी सांगतंय, मॅजेस्टिक गप्पांना माणसं नुसती लेखकाला बोलताना ऐकायला गर्दी करत आली आहेत, आणि दिवाळी अंकांत तर ‘माझी लेखनप्रक्रिया’ छापाचा एखादा लेख असतोच. बँकेत संगणक आले तेव्हा कोऱ्या राहिलेल्या खतावण्या रद्दीत निघाल्या. त्यातल्या दोन मी साहेबांना विचारून घरी आणल्या आणि अशी कात्रणं त्यात चिकटवत गेले. जमेच्या बाजूला परदेशी लेखक, नावेच्या बाजूला आपले. असं का केलं आठवत नाही, पण तसंच चालू राहिलं.

सुरुवातीला हे सगळं मी पाककृती वाचावी तसं वाचलं. एवढं घ्या, इतका वेळ परता, की कथा तयार. ओट्याशी उभं राहून लिहून पाहिलं. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचं तंत्र मराठी माणसाला उलगडून दाखवलं, त्याची वाचनालयातली प्रत दोनदा आणली. तंत्र समजलं. वेळ मिळाला नाही.

वेळ दिला तो नळाने.

लग्न होऊन मी नाशिकला सिडकोत आले तेव्हा आमच्या घरी पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सहाच्या आत जायचं. प्रेशर इतकं कमी की मागच्या अंगणात कंबरभर खड्डा खणून नळ त्यात खाली उतरवलेला. खड्ड्यातून पाणी उपसून वर द्यायचं, नाहीतर नळाला नळी जोडून पिंपात सोडायची. आधी पिण्याचे हंडे, तोंडाला फडकं बांधून. मग कळश्या, मग बादल्या, मग दोन मोठी पिंपं. एक पिंप भरायला बावीस-तेवीस मिनिटं लागत. आणि ती बावीस मिनिटं तिथून हलता येत नसे, कारण नळी निसटली की सगळं पाणी अंगणात.

ती बावीस मिनिटं माझी झाली. पालथ्या बादलीवर बसायचं, गुडघ्यावर शंभर पानी वही, वर चाळीसचा पिवळा बल्ब. पेनाने लिहून पाहिलं तर शिंतोडे उडून शाई फुटायची, म्हणून पेन्सिल घेतली. शिसपेन्सिलीच्या सात कांड्या झिजल्या की दिवस चांगला गेला, असं हेमिंग्वे म्हणाल्याचं मी फार नंतर वाचलं. माझी एक कांडी दीड महिना पुरायची. पण हातात तीच वस्तू होती याचा मला खोल कुठेतरी आनंद झाला, तो खरा.

पिंपाकडे बघावं लागत नाही, हे हळूहळू कळलं. रिकाम्या पिंपात पाणी पडतं तेव्हा आवाज जाडा असतो, ढोलासारखा. जसजसं भरत जातं तसतसा तो वर चढतो, बारीक होतो. अर्ध्यावर आलं की घागरीत बोलल्यासारखा, आणि काठाला चार बोटं उरली की अगदी शिट्टीसारखा निमुळता. ती पट्टी कानात बसली की मान खाली घालून लिहिता येतं. वाक्य पुरं करण्याइतकाच अवधी असतो. पुरं करायचं, पेन्सिल केसात खोचायची, उठायचं, नळी दुसऱ्या पिंपात. माझ्या पहिल्या संग्रहातल्या कथांचे परिच्छेद कुणी मोजून बघितले तर ते एक-एक पिंपाचे निघतील.

आणि पाणी जाताना सांगून जात नाही. नळ आधी खोकतो, मग हवा ओढतो, मग गप्प. त्याबरोबर वही मिटायचीच, कारण पुढे डबे असत, मुलाची शाळा असे, सव्वानऊची बस असे. कितीतरी दिवस मी वाक्याच्या मध्येच उठले आहे. आधी याचा फार त्रास व्हायचा. मग लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी पेन्सिल टेकवली की ते अर्धं वाक्य स्वतःच पुढे सरकतं. कोरं पान समोर आ वासून बसत नाही. हेमिंग्वेनेही ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या जॉर्ज प्लिम्प्टनला १९५८ च्या मुलाखतीत हेच सांगितलंय, की पुढे काय होणार हे माहीत असतं अशाच ठिकाणी थांबावं, म्हणजे उद्या तिथून उचलता येतं. त्याने ते ठरवून केलं. मला महापालिकेच्या पाणीपुरवठ्याने तिथे आणून सोडलं.

पाण्याची वाट बघायची सवय माहेरची. मी मनमाडची. ज्यांना मनमाड म्हणजे गाडी बदलायचं जंक्शन एवढंच माहीत आहे त्यांना सांगते, आमच्याकडे पाणी रोज येत नसे. वागदर्डी धरण आटत आलं की पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी. आणि ते कधी येईल याचा नेम नाही, रात्री दोनलाही यायचं. वडील रेल्वेच्या कारखान्यात, त्यांचा दिवस भोंग्यावर बांधलेला. आईचा दिवस पाण्यावर. स्वयंपाकघरात खिळ्याला ‘कालनिर्णय’ टांगलेलं असे आणि त्यात ज्या तारखेला पाणी आलं त्या चौकोनात आई पेन्सिलीने ‘पाणी’ असं लिहायची. बाकी काही नाही. एकादशी, संकष्टी, गॅस लावला, पाणी. त्या पानाच्या मागच्या बाजूला लेखकांचे लेख छापलेले असत. महिना संपेपर्यंत कॅलेंडर खिळ्यावरून काढायची आमच्याकडे बंदी, म्हणून मी पान वर उचलून, मान वाकडी करून, उभ्याने ते लेख वाचायचे. माझं मोठ्यांसाठीचं पहिलं वाचन ते. पुढून आईचं पाणी, मागून साहित्य.

पण प्रेरणा म्हणतात ती तिथून आली नाही. ती रात्रीच्या रांगेतून आली. पाणी येणार अशी कुणकुण लागली की सगळी गल्ली जागी. नळापाशी हंडे-कळश्यांची रांग, आणि बायका ओट्यांवर बसलेल्या. दिवसा ज्या बोलायच्या नाहीत त्या गोष्टी त्या रात्री दीडला बोलायच्या. कुणाच्या नवऱ्याने इगतपुरीला दुसरं घर केलंय, कुणाच्या सासऱ्याने सून माहेरी गेलेली असताना तिची पेटी उघडली, कोण कशाने मेली आणि खरं कशाने मेली. आम्ही पोरं गोधडीवर झोपलेली. म्हणजे मी डोळे मिटून पडलेली. एखादी मध्येच म्हणायची, पोरी जाग्या आहेत गं. मग आवाज खाली जायचा आणि गोष्ट जास्त चांगली व्हायची. कुठे थांबायचं, कुठलं नाव घ्यायचं नाही, शेवट आधी सांगून माणसाला कसं धरून ठेवायचं, हे मी त्या बायकांकडून शिकले. त्यातली एकही कधी पुस्तक वाचत नव्हती.

गार्सिया मार्केझ त्याच्या मुलाखतीत सांगतो की तरुणपणी काफ्काची ती माणसाचा किडा होण्याची गोष्ट हातात पडली, आणि पहिलं वाक्य वाचूनच तो पलंगावरून पडायच्या बेतात आला. असं लिहिलेलं चालतं हे त्याला माहीतच नव्हतं. आणि मग उमगलं की आजी त्याला अशाच सुरात गोष्टी सांगायची, डोळ्याची पापणी न हलवता अचाट काहीतरी. पुढे मेक्सिकोत त्याच्या मित्राने हुआन रुल्फोची छोटी कादंबरी त्याच्या हातात ठेवली. ती त्याने त्या रात्रीत दोनदा वाचली, आणि नंतर तर त्याला ती जवळजवळ तोंडपाठ झाली होती. मला हे वाचताना नेहमी वाटतं की लेखक वाचतो ते परवानगी शोधत. गोष्ट त्याच्याजवळ आधीच असते, आजीने दिलेली. ती तशीच, आजीच्या तोंडची, लिहिली तर चालेल का एवढंच कुणीतरी सांगायला हवं असतं.

माझी परवानगी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३ ची कादंबरी, मी वाचली सतराव्या-अठराव्या वर्षी, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधली पाठपुठ्ठा निघालेली प्रत. सगळे तिच्यातल्या ‘उदाहरणार्थ’ची नक्कल करतात. माझ्या मनावर कोरली गेली ती मनीच्या मरणाची पानं. घरातली एक लहान मुलगी देवीने जाते आणि सांगणारा भाऊ रडतबिडत नाही, नुसता बोलत राहतो, आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. खानदेशाची ती बोली आमच्या शेजारची, आमच्या ओट्यावर बसणाऱ्यांतल्या दोघी-तिघींची. ती छापली गेली होती. तिच्यावर पुठ्ठा होता, किंमत होती. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि आईकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिले.

आता ट्रोलोपची ती कॉफी. खतावणीत मागे जाऊन मी सगळ्या मुलाखती पुन्हा वाचायला घेतल्या. या वेळी लेखक किती वाजता बसतो हे सोडून दिलं. तो बसतो तेव्हा दाराशी कोण आहे, एवढंच शोधत गेले.

काफ्का सापडला. प्रागला कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरी. १९१२ च्या नोव्हेंबरात फेलिसला, जिच्याशी त्याचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं तिला, त्याने आपल्या दिवसाचं वेळापत्रक लिहून पाठवलंय. आठ ते दोनच्या सुमारापर्यंत ऑफिस. जेवण. साडेसातपर्यंत झोप, निदान झोपेचा प्रयत्न. उघड्या खिडकीशी दहा मिनिटं व्यायाम, तासभर फेरफटका, घरच्यांबरोबर जेवण, आणि मग रात्री साडेदहाला, कधीकधी साडेअकराला, लिहायला बसणं. राहायचा आईवडिलांच्या घरात, आणि त्याची खोली म्हणजे घरच्यांची येण्याजाण्याची वाट. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री दहाला तो बसला आणि पहाटे सहापर्यंत एका बैठकीत एक आख्खी कथा लिहून काढली. डायरीत लिहितो, पाय इतके ताठले की टेबलाखालून काढवेनात. आणि मग एक जागा आहे जिथे मी दर वेळी थांबते. घरातली मोलकरीण सकाळची पहिल्यांदा बाहेरच्या खोलीतून गेली तेव्हा तो शेवटचं वाक्य लिहीत होता. तिच्यासमोर त्याने आळस दिला आणि म्हणाला, मी आत्तापर्यंत लिहीत होतो. पलंग तसाच, न विस्कटलेला, जणू आत्ताच कुणी आणून ठेवलाय. मग तो थरथरत बहिणींच्या खोलीत गेला आणि त्यांना गोष्ट वाचून दाखवली.

त्याला ते सांगावंसं वाटलं, आणि तेव्हा ती समोर होती. बादली घेऊन होती की सरपण, कोण जाणे. जगभर अभ्यासल्या गेलेल्या त्या रात्रीची पहिली साक्षीदार ती.

आणि मेर्सेदेस. मार्केझ मेक्सिको सिटीत दीड वर्ष कादंबरी लिहीत बसला. त्या काळात घरभाडं थकलेलं आणि उधारी ठिकठिकाणी. हे सगळं बायको, मेर्सेदेस, सांभाळत होती. कादंबरी पुरी झाल्यावर दोघं हस्तलिखित घेऊन पोस्टात गेले. ब्वेनोस आयरेसला पाठवायला ब्याऐंशी पेसो लागणार होते आणि जवळ त्रेपन्न होते. त्यांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले आणि एकच पाठवला. मग घरी येऊन हीटर, केस वाळवायचं यंत्र आणि मिक्सर गहाण ठेवले, तेव्हा उरलेला गेला. २००७ साली कार्ताहेनाच्या सभेत, नोबेल मिळूनही पंचवीस वर्षं झाल्यावर, हा माणूस हेच सांगत होता, पेसो मोजून. मला तो त्यामुळे आवडतो. ते केस वाळवायचं यंत्र त्याच्या लक्षात राहिलं होतं.

टोनी मॉरिसन दोन मुलांना एकटीने वाढवत, प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी करत लिहायला लागली. ती म्हणते, पहाटेची सवय गरजेतून लागली. मुलांनी ‘ममा’ म्हणायच्या आतला वेळ वापरायचा होता, आणि ती हाक पहाटे पाचच्या सुमारास यायची. तिला कुणी कॉफी आणून देत नव्हतं. ती अंधारात स्वतः करायची, अंधारच हवा असायचा, आणि उजेड येताना बघत प्यायची.

अ‍ॅलिस मन्रोबद्दल लिहिताना माझा हात अडतो. मुलं दुपारची झोपली की ती लिहायची, एवढ्या वेळात कादंबरी बसत नाही म्हणून कथा लिहायची, आणि त्या कथांनी २०१३ चं नोबेल आणलं. १९६१ साली व्हँकूव्हरच्या एका वर्तमानपत्राने तिच्यावर मथळा दिला होता, गृहिणीला कथा लिहायला वेळ मिळतो, अशा अर्थाचा. ते कात्रण माझ्या खतावणीच्या पहिल्या पानावर आहे. मन्रो २०२४ च्या मे महिन्यात गेली, आणि दोन महिन्यांत तिच्या धाकट्या मुलीने जाहीर लिहिलं, की लहानपणी सावत्र बापाने तिच्यावर अत्याचार केले, आणि आईला हे कळल्यावरही आई त्याच्याचजवळ राहिली. मी ते दोनदा वाचलं आणि खतावणी मिटून ठेवली. कथा अजूनही मोठ्याच आहेत. पण दुपारी शेजारच्या खोलीत मुलं झोपली आहेत, हे जे चित्र मी वर्षानुवर्षं उराशी धरलं होतं, ते आता मला तसं बघता येत नाही. पहिल्या पानावरचं कात्रण काढलेलं नाही. त्याच्याखाली ही दुसरी बातमी चिकटवली आहे.

आपल्या बाजूच्या पानांवर हे शोधायला जास्त कष्ट पडले. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि लिहीत होते हर्णै-दापोलीकडचं कोकण. बसगाड्यांच्या कचेरीतून घरी येऊन गारंबीत शिरायला मध्ये किती वेळ जायचा, कोण त्यांना तो देत होतं, हे मला फार वाचायला आवडलं असतं. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत लिहीत. तिथे वेळेआधी जागेचाच प्रश्न असणार. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी समारंभांना टाळायचे, पत्रं भरभरून लिहायचे, पण माझ्यासाठी त्यांच्या घराचं दार उघडलं ते त्यांची मावसबहीण नंदा पैठणकर यांनी, ‘प्रिय बाबुआण्णा’ लिहून. त्या घरात जी. ए. राहत नव्हते. बाबुआण्णा राहत होता, आणि त्याच्या आवडीनिवडी बहिणींना पाठ होत्या.

आमच्याकडच्या मुलाखतींत लेखिकेला हमखास विचारतात, घर सांभाळून हे सगळं कसं जमतं. माझ्या बरोबरच्या लिहिणाऱ्या मैत्रिणी या प्रश्नाला वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण तो कौतुक म्हणून विचारलेला असतो. पण तो प्रश्न बंद व्हावा असं मला वाटत नाही. तो सगळ्यांना विचारावा. साहेब, तुम्ही कादंबरी लिहीत होता ती चार वर्षं मुलांचा अभ्यास कोण घेत होतं? तुमच्या आईला दवाखान्यात कोण नेत होतं? नाव सांगा. ट्रोलोपला जमलं तर आपल्यालाही जमेल.

तर माझं नाव.

सासूबाई निफाडच्या बाजूच्या, शेतकरी घरातल्या. चौथी शिकलेल्या. मी त्यांना आई म्हणते. माझ्याआधी तीस वर्षं या घराचं पाणी त्यांनी भरलं होतं, त्यामुळे सून आल्यावर त्या सहापर्यंत झोपायच्या, आणि तो त्यांचा हक्कच होता. आठ-नऊ महिने गेल्यावर एकदा त्या पहाटे परसात आल्या आणि वही बघितली.

‘काय गं, हिशोब लिहितेस?’

‘नाही आई. गोष्ट.’

‘कुणाची?’

‘अशीच. एका बाईची.’

त्या काही बोलल्या नाहीत. चूळ भरून आत गेल्या. मला वाटलं, आता दुपारी विषय निघेल. निघाला नाही. तीन-चार दिवसांनी मी चार पंचवीसला उठले तर मागचा दिवा आधीच लागलेला. पालथ्या बादलीवर आई. पदर कमरेला खोचलेला, नळी हातात.

‘तू लिही,’ म्हणाल्या. ‘पाणी मी बघते.’

मी म्हटलं, अहो आई, तुमचे गुडघे. तर म्हणाल्या, गुडघे झोपूनही दुखतात.

बावीस मिनिटांचा दीड तास झाला. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे, त्या नळाशी. आम्ही बोलायचो नाही. पाणी गेलं की मात्र त्या विचारायच्या, त्या बाईचं पुढे काय झालं. मी सांगायचे. लिहिताना कळत नसलेल्या गोष्टी त्यांना तोंडी सांगताना कळायच्या, कारण जिथे मला माहीत नसे तिथे माझा आवाज पडायचा आणि त्या लगेच म्हणायच्या, हे तुला ठाऊक नाही अजून.

एका कथेत मी असं लिहिलं होतं: लासलगावकडचं घर, दिवाळीचे दिवस, एका बाईच्या हाती एक पत्र येतं, आणि नवरा यायच्या आत ती ते कांद्याच्या चाळीत, भरलेल्या कांद्यांत, आत खोल खुपसून ठेवते. मला ती जागा फार आवडली होती. वासासकट लिहिली होती. सांगून झालं तर आई नळी धरून गप्प.

‘दिवाळीत?’

‘हो.’

‘दिवाळीत चाळीत कांदा कुठला गं? तेव्हा शेतात लाल कांदा निघतो. तो टिकत नाही, तो काढला की बाजारात. चाळीत भरतात तो उन्हाळ. चैत्र-वैशाखात भरलेला, तो दिवाळीपर्यंत संपत येतो. तळाला राहतो नासका-कोंब आलेला, तेवढाच.’

मी म्हटलं, मग दिवाळी काढून वैशाख करते.

त्या नळीकडे बघत म्हणाल्या, ‘कशाला काढतेस? रिकाम्या चाळीत कागद लपवायचा कुठे, ते लिही.’

मी त्या पायरीवर बसूनच ती कथा फाडली आणि पुन्हा लिहायला घेतली. बाई पत्र घेऊन चाळीत जाते. बांबूच्या भिंतींतून उजेडाच्या फटी पडल्यात, खाली पाचोळा आणि चार कोंब आलेले कांदे. वर्षभर जिथे लपवता आलं असतं ती एकमेव जागा उघडी पडलीय. ती तिथे पत्र हातात धरून उभी राहते, आणि बाहेर सायकलचा स्टँड लावल्याचा आवाज येतो. कथा तिथे संपते. माझ्याविषयी ज्यांनी कुणी दोन शब्द बरे लिहिले, त्यांनी या कथेचा उल्लेख केला. रिकाम्या चाळीच्या प्रतिमेबद्दल एकाने पानभर लिहिलं. मला ते मनापासून आवडलं, आणि तोंडातल्या तोंडात मी नाव घेतलं.

ती कथा दिवाळी अंकात आली तेव्हा अंक पोस्टाने घरी आला, दुपारी, मी बँकेत असताना. संध्याकाळी आले तर आईंनी पाकीट कात्रीने नीट कापून अंक देवाजवळ ठेवला होता. चष्मा लावून त्यांनी माझं नाव शोधलं, त्याखालून बोट फिरवलं. मग अंक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाच. मी पहिल्यापासून वाचायला लागले.

‘ते नको. ते ऐकलंय. कांद्याचं वाच.’

मी पान उलटून तो परिच्छेद वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. संपल्यावर विचारलं, ‘लाल कांदा बाजारात गेला, हे आलंय का छापून?’

‘आलंय.’

‘मग बरोबर,’ त्या म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या.